बाण वाकतो तेव्हा

उजव्या हाताचा तिरंदाज साधं लाकडी धनुष्य उचलतो, बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकवतो आणि दोरी ओढतो. या क्षणी त्याच्या डोक्यावरून खाली पाहिलं तर एक अडचण स्पष्ट दिसते. दोरी ज्या रेषेतून पुढे जाणार, तिच्या ऐन मधोमध धनुष्याची मूठ उभी आहे. बाण तिच्या बाजूने जाणार, म्हणून तो मुळातच थोडा डावीकडे रोखलेला आहे. दोरी पुढे येऊ लागली की हा तिरकेपणा वाढतच जातो, कारण बाणाची शेपटी मधल्या रेषेवरून मुठीच्या जवळ जवळ येते आणि मुठीची जाडी काही कमी होत नाही. हिशेबाने बाण डावीकडे भरकटायला हवा. पण तो सरळ जातो, तिरंदाजाने जिथे नेम धरला तिथेच.

हजारो वर्षं माणसं असे बाण सोडत होती. हे कसं घडतं ते डोळ्यांनी दिसलं मात्र १९३० च्या दशकात. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करणारे क्लॅरेन्स हिकमन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ स्वतः तिरंदाज होते. त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने सुटणाऱ्या बाणाची चित्रं घेतली, आणि त्यांत दिसलेला बाण काठीसारखा ताठ नव्हताच. तो वळवळत होता. दोरी बोटांवरून निसटताना किंचित आडवी सरकते आणि मागून बाणावर एकदम प्रचंड दाब येतो. पुढचं जड टोक जागचं हलायला वेळ घेतं, त्यामुळे मधली काडी वाकते. मग ती उसळून उलट बाजूला वाकते, मग पुन्हा पहिल्या बाजूला. या वाकण्याच्या लयीत बाण चक्क मुठीला वळसा घालतो. त्याची पिसं मुठीपाशी पोचतात नेमकी तेव्हा शेपटी बाहेरच्या बाजूला झुकलेली असते, आणि बाण मुठीला न घासता निघून जातो. पुढे काही अंतर तो असाच थरथरत जातो, पिसं त्याला सावरतात आणि हळूहळू थरथर विरते.

यातली खरी थक्क करणारी गोष्ट म्हणजे वेळ. ही सगळी हालचाल सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात उरकते, आणि वाकण्याची लय धनुष्याच्या ताकदीशी जुळली नाही तर बाण चुकतो. फार ताठ बाण वळसा घेत नाही, डावीकडे जातो. फार लवचीक बाण गरजेपेक्षा जास्त वाकून उजवीकडे जातो. म्हणून पारंपरिक धनुर्विद्येच्या वेडात पडलेली माणसं धनुष्यापेक्षा बाणांवर जास्त बोलतात. बाणाच्या या ताठपणाला ते ‘स्पाइन’ म्हणतात, आणि तो मोजायची लाकडी बाणांसाठीची जुनी रीत अगदी घरगुती आहे. २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काडी आडवी ठेवायची, मधोमध दोन पौंडांचं वजन टांगायचं आणि ती किती इंच खाली झुकते ते बघायचं. २६ ला त्या आकड्याने भागलं की किती पौंड ओढीच्या धनुष्याला ही काडी साधारण चालेल ते कळतं. अर्धा इंच झुकली तर बावन्न. पुढे जड टोक लावलं की तीच काडी जास्त लवचीक वागते. काडी थोडी आखूड कापली की ताठ. ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट ऑरफर्ड सीडरच्या काड्या त्यांच्या सरळ रेषांसाठी आणि मजबुतीसाठी नावाजलेल्या आहेत. पण एकाच झाडाच्या दोन काड्यांचा स्पाइनही सारखा येत नाही. त्या निवडून, तोलून, जोड्या लावून घ्याव्या लागतात.

पिसांची गोष्टही अशीच. टर्कीच्या पंखातली तीन पिसं, तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली, कारण डाव्या आणि उजव्या पंखांतल्या पिसांचा बाक उलट असतो. तिन्हींचा बाक एकसारखा असला तरच बाण हवेत एका दिशेने फिरतो. आणि पीसच का, प्लॅस्टिक का नाही? कारण लाकडी धनुष्यावर बाण मुठीला, कधी थेट हाताला टेकून सुटतो. जाताना पीस घासलं तर ते दबतं आणि बाणाला धक्का न लावता पुढे जातं. प्लॅस्टिक दबत नाही.

आता धनुष्याकडे येऊ. ओढलेल्या धनुष्याची लक्ष्याकडची बाजू, तिला पाठ म्हणतात, ताणली जाते. तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. एकाच फळीने एकाच वेळी दोन उलट कामं करायची. यू नावाच्या झाडात निसर्गाने ही विभागणी आधीच करून ठेवली आहे. सालीखालचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतलं लालसर लाकूड दाब सोसतं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढला गेला. त्यावर सापडलेली शंभरावर धनुष्यं यूचीच, दोन रंगांच्या थरांची. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या ओत्झीजवळ, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ, अर्धवट तासलेलं धनुष्य होतं. तेही यूचंच.

टेक्सास-ओक्लाहोमाकडच्या ओसेज ऑरेंज या पिवळ्या, लोखंडासारख्या लाकडाची तऱ्हा वेगळी. त्याचं धनुष्य करताना पाठीवर वाढीचं एकच वलय अखंड राखावं लागतं. झाडाने कुठल्याशा एका उन्हाळ्यात घातलेला तो थर. कारागीर दोन्ही हातांनी ओढायच्या सुरीने वरचे थर काढत काढत त्याच्यापर्यंत पोचतो आणि मग त्याला टोकापासून टोकापर्यंत ओरखडा येऊ देत नाही. गाठ आली तर वलय जसं तिच्याभोवती फुगतं तशीच पाठही फुगलेली ठेवायची. वलय एका जागी तुटलं तर धनुष्य नेमकं तिथेच मोडतं. त्यानंतर पोटाकडून कानशीने थोडं थोडं लाकूड कमी करत, पुन्हा पुन्हा ओढून बघत, दोन्ही भुजा सारख्या वाकवायच्या. या कामाला ‘टिलरिंग’ म्हणतात. घाई केली की काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, म्हणून जाणते लोक शेवटच्या टप्प्यात कानस ठेवून देतात आणि नुसत्या काचेने किंवा पात्याने खरवडत बसतात.

बांबूचा धडा आपल्या जवळचा आहे. सातपुड्यातल्या भिल्लांच्या तीरकमठ्यात धनुष्य बांबूचं आणि दोरीही बांबूचीच, चिरून पातळ केलेली पट्टी. ती सुताच्या दोरीसारखी लांबत नाही. वनस्पती एकच, पण एक भाग वाकण्यासाठी निवडलेला आणि दुसरा न लांबण्यासाठी. यंत्रशास्त्राचं पुस्तक न उघडता केलेली ही निवड मला कुठल्याही प्रयोगशाळेइतकी मोलाची वाटते.

आज अमेरिकेत पारंपरिक धनुष्याने शिकार करणारी जी मोठी जमात आहे, तिचा बराचसा वारसा एका माणसाकडे जातो. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाच्या कडेला एक भुकेला, दमलेला मूळनिवासी माणूस सापडला. त्याच्या ‘याही’ जमातीच्या लोकांची १८६० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली होती. उरलेली मूठभर माणसं डीअर क्रीकच्या दऱ्यांत सुमारे चाळीस वर्षं लपून जगली. बंदुकीच्या एका बाराने त्यांचा ठावठिकाणा उघड झाला असता. धनुष्य बिनआवाजी होतं. सगळे गेल्यावर तो एकटा उरला. स्वतःचं नाव त्याने कधीच सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटलं, आणि १९१६ मध्ये क्षयाने मृत्यू येईपर्यंत तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला.

शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यविशारद होते. ते इशीला तपासायला आले आणि त्याचे शिष्य झाले. इशीचं धनुष्य पहाडी ज्युनिपरचं. त्याचं माप असं की, एका बाजूला आडव्या ताणलेल्या हातापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत. इतकं आखूड लाकूड पुरेसं ओढलं तर मोडेल. म्हणून पाठीवर हरणाच्या कंडरांचे चावून मऊ केलेले तंतू, सामन माशाची कातडी उकळून केलेल्या सरसाने चिकटवलेले. कंडरा लाकडापेक्षा कितीतरी पट अधिक ताणल्या जातात आणि परत आखडतात, त्यामुळे पाठ फुटत नाही. दमट हवेत असा सरस ढिला पडतो, पण कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा असतो. बाणाची टोकं ज्वालामुखीच्या काचेची, शिंगाच्या टोकाने दाबून दाबून कपचे काढलेली. संग्रहालयात तो बाटलीच्या काचेचीही करत असे. अशा काचेची धार शल्यविशारदाच्या पोलादी पात्याहून बारीक असते, आणि ते ओळखायला पोप यांच्याइतका योग्य माणूस दुसरा मिळाला नसता. धनुष्य उभं टेकवून ठेवायला इशीचा सक्त विरोध होता: उभं धनुष्य सतत काम करत राहतं, घामेजतं आणि दुबळं होतं, असं तो म्हणे. आडवं ठेवायचं किंवा टांगायचं. जाणकार आजही हेच सांगतात.

ठरलेल्या लक्ष्यावर नेम मारण्यात इशी काही खास नव्हता, असं पोप यांनी नोंदवलं आहे. जंगलात मात्र चित्र पालटे. तो वाऱ्याची दिशा बघून चाले, ओठांवर बोटं ठेवून संकटातल्या सशाचा आवाज काढी आणि ससा, कधी कोल्हाही, त्याच्याकडे येई. त्याचं कसब लांब मारण्यात नव्हतं. जवळ जाण्यात, किंवा जनावराला जवळ आणण्यात होतं. पोप यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून हे ज्ञान पसरलं. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी निव्वळ धनुष्याचा हंगाम ठेवला, आणि पुढे इतर राज्यांनीही.

जवळ जाण्याला एवढं महत्त्व का, ते आकडेच सांगतात. लाकडी धनुष्यातून सुटलेला सुमारे ३२ ग्रॅमचा बाण सेकंदाला साधारण ५० मीटर जातो. त्याची ऊर्जा भरते ४० ज्यूल. खारी मारायच्या पॉइंट २२ बंदुकीच्या चिमुकल्या गोळीत याच्या तिपटीहून जास्त ऊर्जा असते. तरी बाण हरणाच्या छातीतून आरपार जाऊ शकतो, कारण गोळी फोडते आणि बाण कापतो. विळीवर कापताना जोर नाही, धार लागते, तसंच. म्हणून अनुभवी शिकारी नवख्याला पहिल्यांदा सांगतो की जड धनुष्याच्या मागे लागू नकोस, पेलेल तेच घे. दर पौंड ओढीमागे दहा ग्रेन वजनाचा बाण ठेव. आणि टोक इतकं तासून ठेव की हातावरचे केस निघाले पाहिजेत.

दुसरा आकडा आवाजाचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार ०.०६ सेकंदात ऐकू येतो, बाण पोचायला ०.४ सेकंद लागतात. दचकलेलं हरीण उडी मारण्याआधी पाय दुमडून खाली बसतं. पाव सेकंदाच्या आसपासचा वेळ त्याला मिळाला तरी त्याचं शरीर वीतभर खाली येतं, आणि बाण पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट, भलत्या ठिकाणी लागतो. चाळीस मीटरवर तर ते सरळ निघून गेलेलं असतं. वेगवान धनुष्याने हा फरक पूर्ण भरून निघत नाही. आवाजाला बाण कधीच गाठत नाही. म्हणून दोरीवर लोकरीचे गोंडे बांधून ती मुकी करतात. आणि म्हणूनच प्रत्येकाने आपलं अंतर आधी ठरवायचं: ज्या अंतरावर सगळे बाण जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात पडतात, तेवढंच. बहुतेकांचं ते पंधरा-वीस मीटरवर संपतं. सराव करतानाही अनेकजण सकाळी उठून, हात न गरमवता, फक्त एक बाण मारतात. जंगलात दुसरी संधी नसते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरला नाही, आणि ते योग्यच झालं. आपले तिरंदाज जगात गाजतात ते वेगळ्या यंत्राने. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंड धनुष्यावर. त्यात चाकं पूर्ण ओढीचा बराचसा भार उचलतात, नेम धरायला भिंग असतं, दोरी बोटांनी नव्हे तर खटक्याने सुटते. ते कौशल्य अफाट आहेच. पण त्या खटक्यामुळे दोरी आडवी सरकत नाही, मूठही मधोमध कापून बाणाला सरळ वाट दिलेली असते, त्यामुळे बाणाला मुठीभोवती वळसा घ्यायची गरजच पडत नाही. लाकडी धनुष्याचं ते वळवळतं गणित अनुभवायचं तर साधा तीरकमठाच हाती घ्यावा लागतो. ज्यांना शिकार नको असते ते रानात ठेवलेल्या फोमच्या जनावरांवर, अंतर न मोजता, नुसत्या नजरेच्या अंदाजाने बाण मारतात. तिथेही सल्ला तोच: सगळं जनावर बघू नका, एक केस निवडा.

शिकार करणाऱ्यांना मात्र एक गोष्ट बाण लागल्यानंतर शिकावी लागते, आणि ती सर्वांत अवघड. बाणात गोळीसारखा आदळणारा धक्का नसतो. धारदार पातं फुप्फुसातून गेलं तरी हरीण कधी चार उड्या मारून थांबतं, मागे वळून बघतं, क्वचित पुन्हा चरू लागतं; काय झालं ते त्याला कळलेलं नसतं. अशा वेळी मागे धावलं तर ते जीव तोडून पळतं आणि रानात हरवतं. म्हणून जागचं हलायचं नाही, निदान अर्धा तास. मग जमिनीवरचं रक्त वाचायचं. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस लागलं, हरीण जवळच असणार. गडद असेल तर यकृत, काही तास थांबा. हिरवट घाण दिसली तर पोटात लागलं आहे. मग अर्धा दिवस मागे फिरा, आणि परत आल्यावर ते सापडेपर्यंत दुसरा बाण भात्यातून काढू नका.