ॲड्रेनॅलीन : दंशोपचारातील उपयोग व मर्यादा

नंदुरबार जिल्ह्यातील खापर हे गाव अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या परिसरात वसले आहे. अशा शेतकरी वस्तीत पावसाळ्यातील सर्पदंश हे नेहमीचे संकट होय. त्यावरील खरा उपाय म्हणजे प्रतिविष. परंतु ते घोड्याच्या रक्तरसापासून तयार होत असल्यामुळे काही रुग्णांत तीव्र प्रतिक्रिया उद्भवते. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो व श्वासमार्ग आवळला जातो. या भीतीने प्रतिविष देणे लांबणीवर पडल्यास रुग्ण दगावण्याचा संभव वाढतो. म्हणूनच येथे ॲड्रेनॅलीनचा विचार अगत्याचा ठरतो.

अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब वाढतो, हे ऑलिव्हर व शेफर यांनी १८९४ च्या सुमारास दाखविले. १९०१ मध्ये ताकामिने यांनी ते द्रव्य स्फटिकरूपात मिळविले. ते अल्फा-ग्राहींवर कार्य करून रक्तवाहिन्या आकुंचित करते, तर बीटा-ग्राहींद्वारा हृदयाला चालना देते व श्वासनलिका रुंदावते. उपरोक्त प्रतिक्रियेची तिन्ही अंगे याप्रमाणे एकाच औषधाने सावरली जातात. प्रौढास एकास हजार या प्रमाणाच्या द्रावाचे अर्धा मिलिलिटर मांडीच्या स्नायूत टोचतात. श्रीलंकेतील १००७ रुग्णांवरील व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिविषापूर्वी त्वचेखाली दिलेल्या अल्प मात्रेने तीव्र प्रतिक्रिया बऱ्याच कमी झाल्याचे आढळले. स्थानिक बधिरकात ते मिसळल्यास रक्तस्राव घटतो व बधिरता अधिक काळ टिकते, हा त्याचा आणखी एक उपयोग.

तथापि दंश म्हटला की ॲड्रेनॅलीन, असा नियम करणे घातक होईल. लाल विंचवाच्या विषाने शरीरातीलच ॲड्रेनॅलीन व तत्सम द्रव्ये अतोनात स्रवतात. वाहिन्या आवळल्या जाऊन हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. येथे रोगाचे कारणच वाहिनीसंकोच असल्याने उपाय उलट दिशेचा हवा. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अल्फा-ग्राही रोधणारे प्राझोसिन वापरून हे सिद्ध केले. त्यांचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

सारांश, औषधाची निवड दंशाच्या नावावरून नव्हे, तर रक्तवाहिन्यांच्या त्या वेळच्या अवस्थेवरून ठरते. ग्रामीण आरोग्यकेंद्रातील वैद्यकाने हा भेद ध्यानी ठेवणे, आणि प्रतिविषाशेजारी ॲड्रेनॅलीन भरून सज्ज ठेवणे, यावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.