जुन्या फियाटची वायरिंग: पार्ट बदलण्याआधी मोजा, आणि मोजण्याचे पैसे घ्या

ज्यांना ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान टाकायचंय, त्यांच्यासाठी आजचा विषय. व्हिडिओत मीटर कुठे लावायचा ते दिसतं, पण आकडे घाईत निसटतात. म्हणून इथे सगळं लिहून देतोय.

आधी धंद्याचं बोलू. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली फियाट, म्हणजेच पुढची प्रीमिअर पद्मिनी, २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली. पण घरोघरी जपलेल्या गाड्या अजून आहेत. वडिलांची, आजोबांची गाडी म्हणून लोक त्यावर खर्च करतात. अडचण एकच: नव्या गाडीचं स्कॅनर इथे चालत नाही आणि जुने वायरमन कमी होत चाललेत. ही जागा तुम्ही घेऊ शकता. अट एवढीच, अंदाजाने पार्ट बदलायचे नाहीत.

नेहमीची तक्रार

गिऱ्हाईक म्हणतं, "हेडलाइट मंद आहे. रंगकाम करून आणल्यापासून असंच आहे." अंदाजाने काम करणारा आधी बल्ब बदलतो, मग बॅटरी, मग डायनामो काढतो. बिल वाढतं, लाइट मंदच राहते. आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही.

आता नीट विचार करा. करंट बॅटरीच्या प्लसपासून वायरने दिव्यापर्यंत जातो आणि गाडीच्या पत्र्यातून मायनसला परत येतो. परतीची ही वाट म्हणजे अर्थ. पत्र्याला जिथे थिंबल स्क्रूने आवळलेलं असतं, तिथे गंज किंवा रंगाचा थर आला की वाट अडते. म्हणून रंगकामानंतर लाइट बिघडली असेल तर पहिला संशय अर्थवर घ्या. इंडिकेटर लावल्यावर त्याच बाजूचा दुसरा दिवाही लुकलुकत असेल, तरी खूण तीच.

मोजायचं कसं

साधा मल्टिमीटर हजार रुपयांच्या आत मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा.

१. बॅटरी. गाडी काही तास बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढे जा. इंजिन थोड्या रेसवर असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर चार्जिंग बघा.

२. अर्थ. हेडलाइट चालू ठेवा. मीटरचं लाल टोक दिव्याच्या अर्थ पिनवर आणि काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर लावा. क्लॅम्पवर नको, थेट खांबावर. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. १ व्होल्ट किंवा जास्त आला तर दोष सापडला.

३. प्लसची बाजू. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं दिव्याच्या प्लस पिनवर. इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर फ्यूजचे पंजे, स्विच आणि मधले जोड एकेक करून तपासा.

उदाहरण घ्या. लाइट चालू असताना बॅटरी १२.४ देतेय. अर्थमध्ये १.५ गेले, प्लसच्या बाजूला ०.४ गेले. दिव्याला उरले १०.५. व्होल्टेज थोडं घटलं तरी उजेड त्याहून बराच जास्त घटतो. म्हणजे इथे बल्ब आणि बॅटरी दोन्ही निर्दोष. मायनस काढून ठेवा, अर्थचा स्क्रू सोडा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, थिंबल घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. मायनस जोडून पुन्हा मोजा.

इथे एक लक्षात ठेवा. वायर तपासताना नुसता बझर वाजवून समाधान मानू नका. दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी बझर वाजतो. लोड दिल्यावरच खरं कळतं. आणि काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, तेव्हा मीटर लावण्याआधी ते बघून घ्या.

जिथे तडजोड नाही

फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो वारंवार उडत असेल तर जाड तार गुंडाळून देऊ नका. मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि जुन्या वायरीवरचं आवरण आधीच कडक होऊन तडकलेलं असतं. गाडी पेटू शकते. तसंच गिऱ्हाईक ६० वॅटच्या जागी १०० वॅटचे बल्ब मागेल. दोन दिव्यांना १० अँपिअरऐवजी जवळपास १७ अँपिअर लागतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो सगळा करंट थेट स्विचमधून जातो. रिले आणि योग्य जाडीची वेगळी वायर टाकायची तयारी नसेल, तर सरळ नाही म्हणा.

बिल कसं करायचं

नवीन मुलं इथेच अडतात. "स्क्रूच तर घासला, त्याचे काय पैसे मागू?" अहो, पैसे घासण्याचे नाहीत, नेमका कोणता स्क्रू ते शोधण्याचे आहेत. म्हणून गाडी हातात घेतानाच तपासणी फी सांगा. समजा तुमचा तासाचा दर ३०० रुपये आहे, तर दोन तासांचे ६०० आधी ठरवा. दोष सापडल्यावर दुरुस्तीचा खर्च वेगळा सांगा आणि होकार घेऊनच हात लावा.

जॉब कार्डवर दोन ओळी हव्यातच: आधीचं रीडिंग आणि नंतरचं रीडिंग. "अर्थ: १.५ व्होल्ट, कामानंतर ०.१." गिऱ्हाइकाला मीटर स्वतः बघू द्या. ज्याला आकडा दिसला, तो सहसा फीवर घासाघीस करत नाही.

या आठवड्यात एक काम करा. घरची किंवा ओळखीतली कुठलीही जुनी गाडी घ्या, वरची तिन्ही मापं वहीत लिहा. अशा दहा गाड्या झाल्या की तुमचा हात बसेल. दुकानाची पाटी त्यानंतर रंगवा.