पिवळी हळद लाल का होते?

जेवताना पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडते. घाईघाईने साबण लावावा, तर पिवळा डाग क्षणात लालभडक! नवी गृहिणी घाबरून जाते. पण भरपूर पाण्यात खळबळल्यावर डाग पुन्हा पिवळा होतो. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्क भेटले की हळद लाल होते, एवढीच ही जादू. प्रयोगशाळेतल्या लिटमसचे काम आपल्या मिसळणाच्या डब्यातली हळदही करते.

आंबट ते आम्ल. त्याच्या उलट, बोटांना बुळबुळीत लागते ते अल्क. (चव घेऊन किंवा चोळून मात्र कधीच पाहू नये.) त्यांची तीव्रता मोजण्यासाठी डेन्मार्कच्या सोरेनसन यांनी 1909 मध्ये सामूची मोजपट्टी सुचवली. 7 म्हणजे शुद्ध पाणी, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. यात एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट! दोन अंकांचा म्हणजे शंभर पट.

रायपूरला गेलात तर हे रसायनशास्त्र पानातच वाढलेले दिसेल. रात्री भात पाण्यात भिजत घालायचा आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा, ही छत्तीसगडची बासी. रात्रभरात सूक्ष्म जिवाणू भातात लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून ती किंचित आंबूस लागते. आपल्या दह्याचा आंबटपणाही याच आम्लाचा. 2022 च्या कामगार दिनी तिथल्या सरकारनेच सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले होते. शेतातही हाच खेळ: माळावरची लाल 'भाठा' जमीन आम्लधर्मी, तर काळी 'कन्हार' बहुधा अल्काकडे झुकणारी. शिवाय या भागात जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत. अशा खडकातले पाणी जड असते. ते तापवले की भांड्याला पांढरा थर धरतो. त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील आणि थर सुटू लागेल.

आता खरी काळजीची गोष्ट. ॲसिड म्हटले की आपण दचकतो. पण पानाच्या तबकातला चुना कुणाच्या मनात येत नाही. ओल्या चुन्याचा सामू 12 च्या वर असतो. पुडी दाबताना फुटून चुना डोळ्यात उडाल्यामुळे कित्येक लहान मुलांची दृष्टी गेली आहे. डोळ्याच्या बाबतीत अल्क हे आम्लापेक्षाही दुष्ट! आम्लामुळे वरची प्रथिने साकळतात आणि तो थर आम्लाला थोडेफार अडवतो. अल्क मात्र ऊती विरघळवत आत आत शिरते.

असे झालेच तर डॉक्टरांकडे धावण्याआधी नळाखाली पापण्या उघड्या धरून डोळा निदान वीस-तीस मिनिटे धुवावा. पापणीआड अडकलेले कणही वाहून जायला हवेत. मग लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा. 'चुन्यावर उतारा लिंबू' असे पुस्तकी गणित डोळ्यावर मुळीच करू नये. आम्ल आणि अल्क एकत्र आले की उष्णता निर्माण होते आणि इजा वाढते.

न्हाणीघरातही एक पथ्य हवे. फरशी धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद दाराआड तो जिवावर बेतू शकतो. डोळे चुरचुरले, ठसका लागला, तर तसेच टाकून मोकळ्या हवेत यावे. आणि ॲसिड सरबताच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची सवय तर आजच सोडावी. तहानलेले मूल बाटलीवरचे नाव वाचत बसत नाही.

मुलांना सुट्टीत गंमत दाखवायची असेल, तर टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि त्याच्या पट्ट्या कापा. साबणाच्या पाण्याने पट्टी लाल होईल, लिंबाच्या थेंबाने पुन्हा पिवळी. चुन्याची डबी मात्र तेव्हाही वरच्या फळीवरच असू द्या.