सशाचे दात आणि गवताची पेंढी

घरी नवा पाहुणा आला की त्याच्यापुढे गोडधोड ठेवावे, ही आपल्याकडची जुनी रीत. पाहुणा माणूस असेल तर या रीतीत वावगे काहीच नाही. परंतु पाहुणा ससा असेल, तर हेच आदरातिथ्य त्याच्या जिवावर बेतू शकते. हे आम्ही ऐकीव माहितीवरून सांगत नाही. आमच्याच घरी तसे घडता घडता राहिले, म्हणून हे चार शब्द.

बदली होऊन परगावी निघालेल्या एका कुटुंबाने आपला पांढरा ससा आमच्या मुलांच्या स्वाधीन केला. सोबत त्याचा आहारही सांगितला: सकाळी पाव, दुपारी गाजर, सायंकाळी बिस्कीट. मुलांनी ती आज्ञा इमानेइतबारे पाळली. आठवडाभरात आमच्या मातोश्रींच्या ध्यानी एक विचित्र गोष्ट आली. ससा बशीकडे धावत येई, गाजर हुंगी, तोंडात धरी आणि लागलीच टाकून मागे फिरे. पाव मऊ, म्हणून तेवढा थोडाथोडा पोटात जाई. हनुवटी सदा ओली असे आणि एका डोळ्यातून पाणी गळे. "पोरांनो, ह्याला भूक आहे; पण ह्याचे तोंड दुखते आहे," असे त्या म्हणाल्या. आम्ही मात्र, नव्या घरी बुजला असेल, अशी स्वतःची समजूत घालून दोन दिवस दवडले. पशुवैद्यांनी दिव्याची नळी तोंडात घालून पाहिले, तेव्हा मातोश्रींचेच म्हणणे खरे ठरले. खालच्या दाढांना काट्यांसारखी टोके आली होती आणि ती जिभेत रुतत होती.

असे का व्हावे? सशाला एकूण २८ दात असतात. पुढे पटाशीचे ६ आणि आत गालांच्या बाजूस २२ दाढा व उपदाढा. हे सर्वच्या सर्व दात जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. वाढ थांबत नाही, तेव्हा झीजही थांबता कामा नये. सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या माळरानांवर दिवसाचे कित्येक तास जाडेभरडे गवत चघळीत. गवत रवंथ केल्यासारखे, जबडा आडवा हलवीत चावावे लागते आणि त्यानेच दाढा सारख्या झिजतात. पाव, बिस्किटे दोन घासांत विरघळतात. गाजर कडक असले तरी त्याचे तुकडे पाडून गिळले की काम संपते. दाढांना घासण मिळत नाही. मग खालच्या दाढांची टोके जिभेकडे आणि वरच्यांची गालाकडे वाढतात, मुळेही मागे रेटली जातात. वरच्या दातांची मुळे अश्रूंच्या वाटेवर दाब देतात आणि म्हणूनच डोळा गळू लागतो.

काही सशांचा, विशेषतः आखूड तोंडाच्या बुटक्या जातींचा, जबडा जन्मतःच नीट जुळत नाही. तेथे नुसत्या आहाराने भागत नाही, पशुवैद्याची मदत लागतेच. परंतु इतरांचे दुखणे बहुधा ताटातूनच येते, आणि ताट आपल्या हाती आहे.

ते ताट कसे असावे? दहा घासांतील आठ-साडेआठ घास गवताचे असावेत. सशाच्या अंगाएवढी गवताची पेंढी रात्रंदिवस त्याच्यापुढे असावी. ते स्वच्छ वाळविलेले, सुवासिक व बुरशीविरहित असावे. बांधावरची ताजी हरळीही उत्तम. मात्र औषध फवारलेल्या शेतातले गवत आणू नये. कोथिंबीर, मुळ्याचा पाला यांसारखी हिरवी पाने रोज मूठभर द्यावीत. विकतचे गोळीखाद्य दिलेच, तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच. लसूणघास वाढत्या पिलांना मानवतो. मोठ्या सशाला त्यातील चुना अधिक होतो. गाजर व फळ ही कधीमधीची मिठाई समजावी. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला व कण्हेर यांना थारा नको. ताजे पाणी सदैव भरलेले असावे.

दत्तक आलेल्या सशाचा जुना आहार मात्र एका दिवसात तोडू नये. आठ-दहा दिवसांत गवत वाढवीत, पाव-बिस्किटे घटवीत न्यावे. आठवड्याला एकदा भाजीच्या तराजूवर त्याचे वजन करावे आणि ओठ हलकेच उचलून पुढचे दात पाहावेत. दाढा घरी दिसत नाहीत. म्हणून लाळ गळणे, घास टाकणे, जबड्यावर गाठ येणे, लेंड्या लहान होणे ही लक्षणे ओळखावीत. ससा बारा तास काही खात नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, कारण त्याची आतडी थंडावली की प्राणावर बेतते. वाढलेले दात नखे कापायच्या कात्रीने कधीही कापू नयेत. दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. माणसांची औषधेही देऊ नयेत. पेनिसिलिन जातीची औषधे तोंडावाटे दिली, तर पोटातील उपयुक्त जंतू मरून ससा दगावू शकतो.

आमच्या सशाला भूल देऊन दाढांची टोके घासून काढली. ससा वाचला, परंतु एकदा बिघडलेल्या दाढा पूर्ववत होत नाहीत, असे पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले. दर काही महिन्यांनी त्या तपासाव्या लागतात आणि तो खर्च व तो त्रास आम्ही भोगीत आहोत. आमच्यापेक्षा अधिक भोगतो तो मुका जीव.

आता धाकटा मुलगा शाळेतून येताच विळा घेऊन बांधावर जातो. गाजर दिले की ससा झडप घालतो आणि मुलांना आनंद होतो, हे खरे. पण पेंढीत तोंड खुपसून तो तासभर कुरूकुरू चावीत बसतो, तो आवाज ऐकण्याचा आनंद निराळाच. मुलांच्या हट्टाखातर ज्या घरी ससा येणार असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच: पिंजऱ्याआधी गवताची सोय पाहा. ती होत नसेल, तर ससा आणू नका.