युद्धसामग्री कारखान्यांतील स्त्री-कामगार, ब्रिटनमधील

पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) तोफगोळे, काडतुसे व स्फोटक द्रव्ये तयार करणाऱ्या ब्रिटिश कारखान्यांत कामास लागलेल्या स्त्रिया. त्यांपैकी बहुसंख्य तरुण व कामगारवर्गातील होत्या. घरकामाची किंवा कापडगिरणीतील नोकरी सोडून पुष्कळजणी येथे आल्या. ट्रायनायट्रोटोल्यूइन (टीएनटी) या स्फोटकाच्या संपर्काने ज्यांची त्वचा पिवळी पडे, त्यांस लोक ‘कॅनरी’ या पिवळ्या पक्ष्याच्या नावाने संबोधीत.

१९१५ च्या वसंत ऋतूत पश्चिम आघाडीवर तोफगोळ्यांची तीव्र टंचाई भासली. तीतून उद्‌भवलेल्या राजकीय पेचानंतर युद्धसामग्रीचे स्वतंत्र मंत्रालय स्थापन होऊन ते डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्याकडे सोपविण्यात आले. पुरुष कामगार सैन्यात जात असल्याने कुशल कामाचे लहान लहान भाग पाडून ते स्त्रियांकडून करून घेण्याचा मार्ग पतकरण्यात आला. कामगार संघटनांनी त्यास संमती दिली, ती युद्धानंतर पूर्वीची पद्धत पुन्हा चालू करण्याच्या अटीवर. स्त्रियांची ही नोकरी तात्पुरती, हे अशा रीतीने आरंभीच ठरून गेले होते. ऑक्टोबर १९१५ च्या एका सरकारी परिपत्रकात पुरुषांचे काम करणाऱ्या १८ वर्षांवरील स्त्रियांसाठी आठवड्यास १ पौंड हा वेतनदर सुचविण्यात आला. घरकामाच्या मानाने ही मिळकत चांगली होती. पुरुषांच्या बरोबरीची मात्र ती क्वचितच असे.

सर्वांत धोक्याचे काम गोळ्यांत स्फोटक भरण्याचे. टीएनटी वितळवून ओतीत किंवा अमोनियम नायट्रेटात मिसळून त्याची भुकटी लाकडी हातोड्याने ठोकून बसवीत. ठिणगीच्या भीतीने केसांतील आकडे, अंगठ्या, धातूची बटणे, आगपेटी यांपैकी काहीही आत नेण्यास बंदी असे. चुकून खिशात काडी राहिली, तरी शिक्षा होई. स्कॉटलंडच्या सीमेवरील ग्रेटना येथील कॉर्डाइटाच्या प्रचंड कारखान्यात नायट्रोग्लिसरीन व गनकॉटन यांचे मिश्रण स्त्रिया हातांनी मळीत. आर्थर कॉनन डॉइल यांनी त्यास ‘सैतानाची लापशी’ असे नाव दिले.

टीएनटीचा परिणाम त्वचेच्या रंगापुरता नव्हता. केस तांबूस होत, भूक मंदावे, मळमळ सुरू होई. काहींच्या यकृतास इजा होऊन विषजन्य कावीळ जडे. १९१६ च्या प्रारंभापासून या काविळीची नोंद सक्तीची झाली. युद्धाअखेर नोंदलेल्या सु. ४०० रुग्णांपैकी शंभरावर दगावले. ॲग्नेस लिव्हिंगस्टन-लिअरमंथ व बार्बरा मार्टिन कनिंगहॅम या दोन स्त्री-डॉक्टरांनी १९१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. हे विष श्वासावाटेच नव्हे, तर त्वचेतूनही शरीरात शिरते, हे बेंजामिन मूर यांच्या संशोधनाने दाखवून दिले. त्यानंतर कामाची पाळीपाळीने अदलाबदल, वायुवीजन, वैद्यकीय तपासणी इ. उपायांवर भर देण्यात आला आणि १९१८ मध्ये मृत्यू बरेच घटले. स्त्रियांना दूधही पाजीत; पण दूध हा काही या विषावरील उतारा नव्हे.

लीड्‌सजवळील बार्नबो येथे ५ डिसेंबर १९१६ रोजी रात्रपाळीच्या वेळी भरलेल्या गोळ्यांना फ्यूज बसविण्याच्या खोलीत स्फोट होऊन ३५ स्त्रिया ठार झाल्या. पुष्कळांची ओळख गळ्यातील बिल्ल्यांवरूनच पटली. मृतदेह हलविल्यानंतर अल्पावधीतच काम पुन्हा सुरू झाले. युद्धकाळात या स्फोटाची वार्ता दडपून ठेवण्यात आली; मृत्युसूचनांत कारखान्याचा उल्लेख नसे. चिलवेल येथील १ जुलै १९१८ च्या स्फोटात १३४ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रियांबरोबर पुरुषही होते.

नोव्हेंबर १९१८ मधील युद्धविरामानंतर काही आठवड्यांतच हजारो स्त्रियांना कामावरून कमी करण्यात आले. १९१९ च्या कायद्याने कामगार संघटनांना दिलेले वचन पाळले गेले. १९१८ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला खरा. पण तो ३० वर्षांवरील व मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांपुरता. गोळे भरणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींचे वय त्याहून कमी असल्याने त्या त्यातून वगळल्या गेल्या. २१ वर्षांवरील सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत देता येऊ लागले, ते १९२८ च्या कायद्यानंतर.