वायर लांब, म्हणून नेट हळू?

राउटर हॉलमध्ये, मुलांची खोली दुसऱ्या टोकाला. मधे पंचवीस मीटर लॅन केबल टाकली तर नेटचा वेग कमी होतो का?

नाही होत. या केबलची मर्यादा १०० मीटर. तिच्या आत ५ मीटर काय नि ८० मीटर काय, वेग तोच. सिग्नल प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने धावतो. २० मीटर वाढवले तर उशीर होतो सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचा.

फौजेत फील्ड टेलिफोनची तार लांबली की पलीकडचा आवाज क्षीण व्हायचा. लॅनमध्ये जातात शून्य आणि एक. पलीकडच्या यंत्राला ते ओळखता आले की काम झालं, सिग्नल थोडा क्षीण असला तरी बिघडत नाही.

मग हा समज आला कुठून? दिल्ली-मुंबईत एमटीएनएलचं ब्रॉडबँड टेलिफोनच्या तारेवरून यायचं, आणि तिथे एक्स्चेंजपासूनचं अंतर खरोखर वेग ठरवायचं. एडीएसएल-२ प्लसचे २४ एमबीपीएस एक्स्चेंजच्या जवळच मिळत. चार-पाच किलोमीटरवर त्यातला थोडाच भाग उरे. म्हणजे लोकांचा अनुभव खरा होता, फक्त तार वेगळी होती. आज नोएडा-गुडगावच्या सोसायट्यांत फायबर येतं, आणि ते वीस किलोमीटरपर्यंतही चालतं.

आता मुद्द्याचं. नोएडात आमच्या शेजारी एक पेन्शनर आहेत. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण टेस्ट ९४ च्या वर जाईना. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "अंकल, वायर लंबी है, बड़ा प्लॅन ले लीजिए." दरमहा जादा पैसे, तेही फुकट! कारण ९३-९४ वर अडणं ही ठरलेली खूण आहे. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. एक जोडी तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, की यंत्रं बहुधा १०० वर उतरतात. मग प्लॅन ५०० चा घ्या की हजारचा, आकडा ९४ च. आम्ही टोक कापून नवा कनेक्टर बसवला, आणि तीनशेच्या आसपास वेग आला.

तुम्हीही पाहा. लॅपटॉपला केबल जोडा, नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० हवं, १०० दिसलं तर आधी केबल बदलून बघा. दुसरा लॅपटॉपही लावून पाहा, कारण जुन्या यंत्राचा पोर्टच १०० चा असू शकतो.

नवी घ्यायची तर कॅट-५ई किंवा कॅट-६, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, ती घेऊ नका. विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ओढू नका, आणि दिल्लीच्या उन्हात गच्चीवर साधी केबल उघडी टाकू नका, आवरण तडकतं.

केबलवर पूर्ण वेग येतो, पण मोबाइलवर नाही? तो वायफायचा प्रश्न. तो पुढच्या भागात घेऊ.