पहिला शोधप्रबंध : लेखांक चौथा – सराफ्यातला प्रश्न

मागील लेखांकात विषयाचा व्याप आवरण्याविषयी जे सामान्यपणे सांगितले, त्याचा दाखला आता रायपूरच्या सदर बाजारात, म्हणजे तेथल्या सराफ्यात, पाहू. या शहरात २००५ साली कुशाभाऊ ठाकरे यांच्या नावाने पत्रकारिता व जनसंचार विद्यापीठ स्थापन झाले. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवून संशोधनासह पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला १२ श्रेयांकांचा प्रबंध सिद्ध करावा लागतो. या विद्यापीठातला असा विद्यार्थी ‘समाजमाध्यमांचा ग्राहकांवरील प्रभाव’ असे भव्य शीर्षक घेऊन मार्गदर्शकांपुढे उभा राहिला, तर त्यास प्रथम सराफ्यातून एक फेरफटका मारून येण्यास सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि शुद्धतेचा अंक यांच्या जोडीला सहा अक्षरांकांची एक खूण असल्यावाचून तो विकण्यास सराफाला मनाई झाली, आणि ही खूण ब्यूरोच्या मोबाइल अ‍ॅपवर घालून दागिन्याची खातरजमा कोणासही करता येते. सरकारने हुकूम काढला, जाहिराती दिल्या, वृत्तपत्रांनी मजकूर छापला. पण जो शेतकरी लेकीच्या लग्नासाठी गावाहून येऊन पेढीवर बसतो, त्याच्यापर्यंत यातले नेमके काय पोहोचले आणि कोणाच्या मुखाने पोहोचले, हा पदवीच्या विद्यार्थ्याला पेलणारा प्रश्न आहे. टिकनर, डोनोह्यू आणि ओलियन या तिघा अमेरिकन अभ्यासकांनी १९७० साली असे प्रतिपादन केले होते की, समाजात माहितीचा ओघ वाढला म्हणजे सुस्थित व सुशिक्षित वर्ग ती अधिक वेगाने आत्मसात करतो, आणि त्यामुळे ज्ञानातील दरी बुजण्याऐवजी रुंदावते. हे गृहीतक सराफ्यात कितपत टिकते, एवढे तपासले तरी प्रबंधाचे सार्थक झाले.

आता खरी अडचण प्रश्न विचारण्याची. पेढीच्या गादीवर, मालकाच्या देखत, ‘या खुणेची माहिती आपणांस आहे काय?’ असे विचारल्यास गिऱ्हाईक भिडेपोटी होकार देईल, आणि त्या होकारांची टक्केवारी काढून विद्यार्थी मोठ्या आत्मविश्वासाने एक असत्य सिद्ध करील. म्हणून मालकाची अनुमती घ्यावी, पण जबानी दुकानाबाहेर घ्यावी. आणि माहिती आहे काय असे न विचारता, चिन्हांचे मोठे चित्र पुढे धरून यातले कोणते कशासाठी, हे सांगावयास लावावे, म्हणजे जाणणे आणि जाणतो म्हणणे यांची रुजवात तेथल्या तेथे होते. प्रश्नावली हिंदीत लिहिली असली तरी गावाकडच्या माणसाशी छत्तीसगढीत बोलावे. नाव, गाव आणि खरेदीची रक्कम यांची नोंद मुळीच करू नये. सोने घेऊन निघालेल्या इसमाला या गोष्टी विचारणारा मनुष्य, मग तो कितीही सुशील विद्यार्थी असो, संशयास्पदच वाटणार, आणि वाटावाही. वय, शिक्षण आणि ही माहिती प्रथम कोणाकडून कळली, एवढा तपशील पुरे. धनत्रयोदशीच्या गर्दीत तर या कामाला हात घालूच नये. त्या दिवशी उत्तर देण्यास कोणाला फुरसत?

जे कोणी थांबून उत्तर देतील त्यांचाच हा नमुना असल्याने त्यावरून अवघ्या छत्तीसगडविषयी निष्कर्ष काढता येणार नाही, ही कबुली प्रबंधात पहिल्या प्रकरणातच द्यावी. तसेच सुता, ऐंठी, पैरी असे चांदीचे अलंकार घेण्यास आलेले गिऱ्हाईक वरील सक्तीच्या कक्षेत येत नाही; त्यास वगळावे, आणि का वगळले ते लिहावे. परीक्षक अशा कबुलीने नाराज होतात, हा विद्यार्थ्यांतला समज निराधार आहे.

ज्यांचा स्वभाव अनोळखी माणसाला हटकण्याचा नाही, त्यांनी दप्तराची वाट धरावी. माधवराव सप्रे या मराठी गृहस्थाने जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. ते जेमतेम तीन वर्षे चालले. अभ्यासाचा साठा इतका आटोपशीर असला म्हणजे नमुना निवडण्याचे कारणच उरत नाही, जेवढे अंक हाती लागतील तेवढे सगळे वाचून मजकुराचे वर्गीकरण करता येते. मात्र वर्गांच्या व्याख्या आधी लिहून काढाव्यात आणि काही अंक दुसऱ्या विद्यार्थ्याकडून स्वतंत्रपणे वर्गीकृत करवून दोघांचा ताळा पाहावा. ताळा न जमल्यास दोष व्याख्येत शोधावा.

पुढील लेखांकात प्रश्नावलीचा मसुदा तयार करू. तोपर्यंत वाचकांनी आपापला प्रश्न एका वाक्यात लिहून ठेवावा, आणि त्याचे उत्तर कोणत्या माणसाला अथवा कोणत्या कागदाला विचारावयाचे, तेही त्याखाली नमूद करावे.